ताजं अंडं टरफल का सोडत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या बाजाराच्या गावात अंडी दोन वाटांनी येतात. एक वाट ट्रकची. मोठ्या पोल्ट्रीतली पांढरी अंडी तीस-तीसच्या ट्रेमध्ये येतात आणि घाऊक व्यापाऱ्याकडून किराणा दुकानात नि आम्लेटच्या गाड्यावर जातात. दुसरी वाट पिशवीची. आजूबाजूच्या खेड्यांतली, पैनगंगेच्या काठच्या भागातली गावरान अंडी ज्वारीच्या दाण्यात किंवा भुश्यात जपून बाजाराला येतात. भावात गावरान अंडं केव्हाही वरचढ, तरी घेणारा घेतोच. घरी नेऊन उकडलं की मात्र गणित उलटं होतं. स्वस्तातलं पोल्ट्रीचं अंडं दोन टिचक्यांत गुळगुळीत बाहेर येतं आणि जास्त पैसे मोजून आणलेलं गावरान अंडं सोलताना टरफलाबरोबर निम्मं पांढरं निघून जातं. रश्श्यात सोडायला उरतं ते खड्डे पडलेलं, ओबडधोबड काहीतरी.

मग ज्याला त्याला आपापलं कारण सुचतं. पाण्यात मीठ टाकलं नाही, कमी शिजलं, जास्त शिजलं, गावरान कोंबडीचं टरफलच चिवट असतं. यातलं एकही खरं कारण नाही. अंडं नीट सुटणार की नाही, हे सोलायला बसायच्या बऱ्याच आधी ठरतं. ते दोन गोष्टींवर ठरतं: अंडं किती दिवसांचं आहे, आणि ते गार पाण्यात ठेवून तापवलं की आधण आल्यावर सोडलं. बाकीच्या साऱ्या युक्त्या या दोहोंच्या मागे उभ्या आहेत.

टरफलाच्या आत

अंड्याच्या वजनाचा साधारण दहावा भाग टरफलाचा असतो. हे टरफल म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडी ज्याची बनते तोच पदार्थ. जाडी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दिसायला अखंड असलं, तरी त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. एका अंड्यावर साधारण 7 ते 17 हजार. पिल्लू अंड्यात वाढतं, तेव्हा त्याचा श्वास याच छिद्रांतून चालतो. कोंबडी अंडं घालते तेव्हा टरफलावर एक ओलसर पातळ थर असतो. तो लगेच वाळतो आणि बरीचशी छिद्रं झाकून जंतूंना बाहेर थोपवतो.

टरफलाच्या आतल्या बाजूला दोन पापुद्रे असतात. बाहेरचा पापुद्रा टरफलाला घट्ट धरून असतो आणि आतला पांढऱ्याला लागून असतो. दोन्ही प्रथिनांच्या बारीक तंतूंच्या जाळीचे बनलेले, कागदाहून पातळ, पण ओढून पाहिले तर चांगले चिवट. बहुतेक ठिकाणी ते एकमेकांना लागून असतात. फक्त अंड्याच्या जाड बाजूला त्यांच्यात फट असते, आणि तीच हवेची पोकळी.

ही पोकळी कोंबडीच्या पोटात नसते. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या जवळपास असतं. अंडं बाहेर आलं की ते निवतं, आतला ऐवज किंचित आकसतो आणि जाड बाजूने हवा आत शिरते. पुढे दिवसागणिक छिद्रांतून आतली वाफ बाहेर पडत राहते आणि पोकळी वाढत जाते. आपल्याकडे वैशाखात बाहेरची हवाच कोंबडीच्या अंगापेक्षा तापलेली असते. अशा वेळी अंडं निवायला फारसा वाव नसतो, पण सुकायला भरपूर असतो. यवतमाळच्या उन्हाळ्यात अंड्याची पोकळी झपाट्याने मोठी होते ती यामुळेच.

सोलताना सारा तंटा असतो तो आतला पापुद्रा आणि पांढरं यांच्यात. पापुद्रा पांढऱ्यापासून सहज सुटला तर टरफल त्याच्याबरोबर निघून येतं. नाही सुटला तर टरफल ओढताना पांढऱ्याचे लचके निघतात. टरफल जाड की पातळ, पांढरं की तांबूस, याचा या भांडणाशी संबंध नाही.

ताजेपणाच आडवा येतो

नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो. त्यामुळे ते किंचित गढूळही दिसतं. शाळेच्या पुस्तकात द्रव आम्लारी की आम्ल हे सामूवरून सांगतात, म्हणजे पीएचवरून. 7 म्हणजे उदासीन, त्याच्या वर आम्लारी. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा सामू साधारण 7.6 च्या आसपास असतो. छिद्रांतून वायू निसटू लागला की सामू चढत जातो आणि काही दिवसांत 9 च्या पुढे जातो. स्वयंपाकघरातला इतका आम्लारी खाद्यपदार्थ सहसा दुसरा सापडणार नाही.

अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून पोल्ट्री संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. सामू कमी असताना उकडलेलं पांढरं आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं. तो पावणेनऊच्या वर गेला की अंडं सुटू लागतं आणि 9.2 च्या आसपास आरामात सुटतं. हॅरॉल्ड मॅगी हे खाद्यविज्ञानावर लिहिणारे लेखक ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या ग्रंथात हेच वेगळ्या शब्दांत मांडतात. सामू कमी असताना पांढऱ्याची स्वतःच्या कणांशी असलेली पकड पापुद्र्याशी असलेल्या पकडीपुढे कमी पडते. म्हणून ओढलं की पांढरंच फाटतं.

याला उलट्या बाजूचा पुरावाही आहे. परदेशात अंडी टिकावीत म्हणून टरफलाला खाण्यायोग्य खनिज तेलाचा हात देतात. छिद्रं बुजली की वायू आतच कोंडतो, सामू चढत नाही आणि अंडं आतून बरेच दिवस ताजं राहतं. आणि तेल लावलेली हीच अंडी उकडून सोलायला त्रास देतात. अमेरिकेत ईस्टरच्या सणाला घरोघरी अंडी उकडतात, तेव्हा तिथलं कृषी खातं लोकांना सांगतं की अंडी आठवडा-दहा दिवस आधी आणून फ्रिजमध्ये ठेवा.

आता ढाणकीच्या बाजाराकडे पुन्हा पाहू. ट्रकने आलेलं अंडं पोल्ट्रीतून निघून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानात, मग आपल्या हातात, असं येतं. महाराष्ट्राला लागतात तितकी अंडी राज्यात होत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांनीच रोज सुमारे एक कोटी अंड्यांचा तुटवडा असल्याचं सांगितलं होतं; ती तूट तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू इथून येणाऱ्या मालावर भागते. म्हणजे दुकानातलं अंडं घरी येईतो वाटेतच चार-सहा दिवसांचं झालेलं असतं. गावरान अंडं मात्र कालचं किंवा आजचंच असू शकतं. ते हट्टीपणा करतं तो ताजेपणामुळे. अशा वेळी दुकानदाराला किंवा कोंबडीला बोल लावण्यापेक्षा माल चोख मिळाला म्हणून खूश व्हावं.

एकाच पातेल्यात दोन तऱ्हा

अर्धा डझन गावरान अंडी एकाच वेळी, एकाच पाण्यात उकडली. चार छान सुटली, दोन फाटली. असं का, याचं उत्तर कोंबडीच्या सवयीत आहे. गावरान कोंबडी वर्षभर रोज अंडी घालत नाही. दहा-पंधरा अंड्यांची एक पाळी घालते आणि मग खुडूक बसते. पोल्ट्रीची लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, गावरान कोंबडी त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. घरची बाई हाती लागेल ते अंडं मडक्यात किंवा टोपलीत दाण्यात खुपसून ठेवते आणि डझनभर जमली की बाजाराला पाठवते. त्या डझनातलं पहिलं अंडं पंधरा दिवसांचं असतं आणि शेवटचं आज सकाळचं. दिसायला सारी सारखी, वयात अर्ध्या महिन्याचा फरक.

हे वय घरच्या घरी कळतं. भांड्यात गार पाणी घ्या आणि अंडं अलगद सोडा. तळाला आडवं पडून राहिलं तर अगदी ताजं. जाड बाजू वर उचलली गेली तर काही दिवसांचं. तळाला टेकून उभं राहिलं तर जुनं, पण चालण्यासारखं. आणि वर तरंगलं तर आतली पोकळी फार वाढलेली आहे. ते वेगळ्या वाटीत फोडून, वास घेऊनच पुढचं ठरवावं. हा सारा हवेच्या पोकळीचा खेळ आहे. पोकळी जितकी मोठी, तितकी जाड बाजू हलकी. उकडायला सर्वांत चांगलं अंडं ते, जे तळाला टेकून तिरकं उभं राहतं.

ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. फ्रिजबाहेरचा एक दिवस म्हणजे फ्रिजमधला जवळपास एक आठवडा, असा ढोबळ हिशेब अंड्यांच्या धंद्यात सांगतात. पारा 43-44 वर असताना तर घड्याळ आणखी जोरात धावतं. मे महिन्यात सकाळी घातलेलं अंडं दोन-तीन दिवसांतच सोलण्याजोगं होतं. पौष-माघातल्या थंडीत त्यालाच आठवडा लागू शकतो. उकडलेल्या अंड्यांची हौस जास्त थंडीतच असते आणि अंडी चिकटल्याच्या तक्रारीही जास्त थंडीतच ऐकू येतात, यात योगायोग नाही.

आधण आल्याशिवाय अंडं सोडू नये

समजा अंडी ताजीच आहेत आणि जेवण आजच करायचंय. मग सारी भिस्त दुसऱ्या गोष्टीवर.

बहुतेक घरांत पातेल्यात अंडी मांडतात, वर गार पाणी ओततात आणि गॅस लावतात. अंडं तडकत नाही म्हणून ही रीत रुळली. पण हळूहळू तापताना पांढऱ्यातली प्रथिनं सावकाश उलगडतात आणि घट्ट व्हायच्या आधी पापुद्र्याच्या तंतूंना बिलगायला त्यांना भरपूर वेळ मिळतो. उकळत्या पाण्यात अंडं सोडलं तर पांढऱ्याचा बाहेरचा थर क्षणात बांधला जातो आणि आकसून पापुद्र्यापासून वेगळा होतो. थंड तव्यावर घातलेलं धिरडं चिकटतं आणि तापल्या तव्यावरचं सुटतं, त्यातलाच हा प्रकार.

केंजी लोपेझ-आल्ट या अमेरिकी खाद्यलेखकाने 2019 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी शेकडो अंडी वेगवेगळ्या पद्धतींनी उकडली आणि कोणतं अंडं कोणत्या पद्धतीचं हे न सांगता लोकांना सोलायला दिली. गार पाण्यातून तापवलेल्या अंड्यांपेक्षा उकळत्या पाण्यात सोडलेली आणि वाफेवर शिजवलेली अंडी स्पष्टपणे चांगली सुटली. जिथे पाणी दिवसभर उकळतंच असतं अशा गाडीवाल्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्या पातेल्यात गार सुरुवात कधी होतच नाही.

कृती अशी. पातेल्यात अंडी पूर्ण बुडतील इतकं पाणी घ्या आणि त्याला खळखळून उकळी येऊ द्या. अंडी फ्रिजमध्ये असतील तर आधीच बाहेर काढून ठेवा. गार अंडं एकदम उकळत्या पाण्यात पडलं तर तडकण्याची शक्यता वाढते. मोठ्या झाऱ्यावर एकेक अंडं घेऊन तळाशी अलगद ठेवा. वरून टाकू नका. सगळी सोडून झाली की आच मध्यम करा; पाणी उकळतं राहिलं पाहिजे, पण अंडी एकमेकांवर आपटायला नकोत. पोल्ट्रीच्या अंड्याला कडक उकडायला 11 ते 12 मिनिटं लागतात. गावरान अंडं आकाराने लहान, त्याला दोन मिनिटं कमी पुरतात. वेळ मोजायची ती अंडी पाण्यात पडल्यापासून.

तडकण्याची धास्ती असेल तर जाड बाजूला स्वच्छ टाचणीने एक बारीक भोक पाडा. आतली हवा तापून फुगली की तिला वाट मिळते आणि टरफलावर ताण येत नाही. भोक पाडलेलं अंडं मात्र लगेच उकडायला हवं. ते ठेवून देऊ नये.

वाफेची रीत याहून सोपी. मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात तळाला दोन बोटं पाणी घ्या. ते उकळून वाफ धरली की चाळणीवर अंडी मांडा आणि झाकण घाला. 12-13 मिनिटांत काम होतं. अंडी स्थिर राहतात म्हणून तडकत नाहीत, आणि भांडंभर पाणी तापवावं लागत नसल्याने गॅसही वाचतो.

गार पाणी आणि अंगठ्याचं पेर

शिजलेली अंडी बाहेर काढून लगेच गार पाण्यात घाला. याचं मुख्य काम शिजणं थांबवणं. टरफलाच्या आत साठलेली उष्णता नंतरही बलक शिजवत राहते. बलक फार शिजला की त्यातलं लोह आणि पांढऱ्यातून निघालेला गंधकाचा वायू यांच्या संयोगाने बलकाभोवती हिरवट-करडी कडा धरते. ती खायला अपायकारक नसते, पण वासाला उग्र असते आणि अंडं शिळं असल्याचा गैरसमज करून देते. गार पाण्याने ती टळते. शिवाय आतलं पांढरं थोडं आकसतं आणि अंडं हाताळण्याजोगं होतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे एक अडचण असते. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी दुपारी स्वतःच कोमट असतं. तिथे माठाचं पाणी कामी येतं. ते एकदा घालून थांबू नका. अंड्यांच्या उष्णतेने दोन मिनिटांत ते तापतं, म्हणून एकदा बदला. हाताशी बर्फ असेल तर उत्तम, नसेल तरी काही अडत नाही. पाच-दहा मिनिटांत अंडी सोलायला तयार होतात.

सोलताना सुरुवात जाड बाजूने करायची. अंडं ओट्यावर जाड बाजूने हलकेच टेकवा. तिथे आत पोकळी असल्याने टरफल चटकन दबतं आणि पांढऱ्याला धक्का लागत नाही. मग अंडं आडवं धरून तळहाताखाली हलक्या दाबाने पुढे-मागे फिरवा, म्हणजे सगळ्या टरफलावर बारीक तड्यांची जाळी पडते. आता अंगठ्याचं पेर जाड बाजूच्या खळग्यात घाला. इथे नख नेमकं कुठे शिरतं यावर सारं अवलंबून आहे. टरफलाचा तुकडा उचलण्यात अर्थ नाही; त्याखालचा पापुद्रा पकडायचा. तो पांढुरका, ओलसर, किंचित ताणला जाणारा असतो. पापुद्रा एकदा नखात आला की टरफलाचे बारीक तुकडे त्याला लटकत-लटकत एका पट्टीत निघतात, आणि खाली पांढरं चकचकीत उघडं पडतं. जिथे पापुद्रा फाटला, तिथून पुढे लचके निघायला लागले म्हणून समजा. मग तिथेच हट्ट करू नका, दुसऱ्या बाजूने पुन्हा पापुद्रा शोधा.

हे सारं पाण्यात बुडवून किंवा नळाच्या बारीक धारेखाली केलं तर आणखी सोपं होतं. तड्यांतून पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि पकड सैल करतं. चिकटलेले बारीक कणही धुऊन निघतात. रश्श्यात दाताखाली टरफल येण्याची भीती उरत नाही.

मीठ, व्हिनेगर, तेल आणि खायचा सोडा

पाण्यात मीठ टाकण्याची सवय घरोघरी आहे. मिठाने सोलणं सोपं होतं, याला आधार सापडत नाही. दहा-बारा मिनिटांत ते पापुद्र्यापार जाऊन काही घडवण्याइतकं आत शिरत नाही. मात्र अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं खारट पाण्यात लवकर घट्ट होतं आणि फट बुजते. तेवढ्यासाठी मीठ टाकायला हरकत नाही. व्हिनेगर किंवा लिंबूही तडकलेल्या जागी तसंच काम करतं. आम्ल असल्याने ते टरफल थोडं विरघळवतंही. उकळत्या पाण्यात बुडबुडे येतात ते त्याचेच. पण अडचण टरफलाची नसून पापुद्र्याची असल्याने सोलण्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. पाण्यात तेल टाकणं तर वायाच. ते वर तरंगत राहतं आणि नंतर अंडी निसटायला लागतात.

खायचा सोडा मात्र सर्वस्वी निरर्थक नाही. तो पाणी आम्लारी करतो, आणि ताज्या अंड्यात उणीव असते ती नेमकी आम्लारीपणाची. लिटरभर पाण्याला अर्धा चमचा सोडा टाकला तर ताजी अंडी थोडी बरी सुटतात. त्याची किंमत वासात मोजावी लागते. आम्लारी पाण्यात गंधकाचा दर्प वाढतो. ज्या घरात आधीच कुणीतरी अंड्याच्या वासाने नाक मुरडतं, तिथे सोड्याच्या वाटेला न जाणं बरं.

शंभर अंडी सोलायची तेव्हा

घरात चार अंडी फाटली तर कुणाचं फार बिघडत नाही. गंजभर अंडी उकडून वाटायची तेव्हा प्रश्न वेगळा होतो. राज्याच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांसाठी सुरू झाली. 2016 पासून अंगणवाडीतल्या सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांनाही तिच्यातून अंडी मिळू लागली. जी खात नाहीत त्यांना केळी. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाने शाळांच्या पोषण आहारातही आठवड्यातून एक दिवस अंडं आणलं, अंड्यामागे पाच रुपये धरून. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि अंडं द्यायचं तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं, असं ठरलं.

निर्णय कागदावर कसेही बदलोत, अंडी उकडून सोलण्याचं काम खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्याच वाट्याला येतं, तेही सुट्टीची घंटा व्हायच्या आत. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, त्यातली निम्म्याहून अधिक पांढऱ्यात. टरफलाबरोबर पांढऱ्याचा जाड थर कचऱ्यात गेला तर मुलाच्या ताटात येतं ते कमी अंडं. लोकवर्गणीतून आणलेल्या अंड्यांच्या बाबतीत हे आणखीच लागतं.

अशा ठिकाणी दोन-तीन गोष्टींनी बराच वेळ वाचतो. अंडी वाटपाच्या दिवशी सकाळी न आणता दोन-तीन दिवस आधी आणावीत, उन्हाळ्यात एक दिवस आधीही पुरे. गंजातलं पाणी उकळल्यावर अंडी जाळीच्या टोपलीत किंवा पातळ कापडात बांधून एकदम सोडावीत, म्हणजे काढतानाही एकदम निघतात. एका वेळी फार अंडी कोंबू नयेत. गार अंडी जास्त पडली की उकळी बसते आणि गार सुरुवातीचेच तोटे वाट्याला येतात. निवल्यावर पाणी ओतून टाकावं, तळाला थोडंसं ठेवावं आणि झाकण धरून भांडं हलकेच हलवावं. अंडी एकमेकांवर घासून टरफलं सगळीकडून तडकतात, त्यात पाणी शिरतं आणि मग हाताने भराभर सोलता येतात. सोललेली अंडी विकणारे परदेशी कारखाने यांत्रिकपणे हेच करतात: वाफेवर शिजवणं, गार करणं, रुळांवर तडकवणं आणि पाण्याच्या धारेत रबरी रुळांनी टरफल उतरवणं.

उकडलेलं अंडं टिकतं हा समज मात्र आपल्या हवेत धोक्याचा आहे. उकडताना टरफलावरचा संरक्षक थर निघून जातो आणि छिद्रं उघडी पडतात. सोललेलं असो वा नसो, ते दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये. पारा 32 च्या पुढे असेल तर एका तासाच्या आत खाऊन टाकावं. टरफलासकट फ्रिजमध्ये ते आठवडाभर चालतं. सहलीचा डबा किंवा शेतातली न्याहारी बांधताना हा हिशेब विसरू नये. गावरान अंड्यांवर माती-विष्ठा लागलेली असते, ती घरी आणल्या-आणल्या धुऊ नये. धुतलं की थर जातो आणि अंडं लवकर बिघडतं. उकडायच्या आधी धुवावं.

कोणतं अंडं कशाला

सारांश काढायचा तर अंडी वयाप्रमाणे वाटून घ्यावीत. आजचं-कालचं गावरान अंडं फोडून तव्यावर घालावं. ताज्या अंड्याचं पांढरं घट्ट असतं, पसरत नाही, बलक उंच उभा राहतो. हाफ-फ्रायला याहून चांगलं अंडं नाही. चार-आठ दिवसांचं अंडं उकडायला ठेवावं. त्याहून जुनं पण वासाला चांगलं असेल ते भुर्जीत किंवा केकमध्ये घालून नीट शिजवावं. ताजंच अंडं आजच उकडायचं असेल तर आधण येईपर्यंत धीर धरावा; बाकी सगळी मदत त्याखालची.

यासाठी घरात एक साधी सवय लावता येते. घरच्या कोंबडीचं असो वा बाजारातलं, अंडं ठेवताना टरफलावर शिसपेन्सिलीने तारीख टाकावी. पेनाची शाई छिद्रांतून आत उतरू शकते, पेन्सिलीची रेघ वरच राहते. टोपलीत नवीन अंडी मागे आणि जुनी पुढे ठेवली की रश्श्याचा बेत ठरल्यावर शोधाशोध करावी लागत नाही, आणि सोलायला बसणाऱ्यालाही आधीच कळतं की कोणतं अंडं त्याची परीक्षा पाहणार आहे.